दोन बोटं सैल

शिंप्याच्या दुकानात दोन गोष्टींचा तुटवडा कधी पडत नाही, चिंध्यांचा आणि गिऱ्हाइकांच्या सल्ल्यांचा. आजोबांचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी कापायचं लांबट टेबल, त्याच्या शेजारी पायाचं शिलाई मशीन, भिंतीला उभा आरसा आणि कोपऱ्यात कपडे घालून बघायला एक पडदा. टेबल आणि मशीन यांच्या मधल्या जागेत पूर्वी तयार कपड्यांचा दांडा असे. तो आता भिंतीकडे सरकला होता आणि तिथे चाकांची एक कलती खुर्ची आली होती. त्या खुर्चीत गुंडी बसे.

गुंडी आजोबांची नात, वय पाच वर्षं. तिला एक खरं नाव होतं, पण ते फक्त दवाखान्यात हाक मारण्यापुरतं बाहेर निघे. ती जन्मली तेव्हा आजोबा म्हणाले होते, "शर्टाला एक गुंडी नसली, तर सगळा शर्ट उघडा. ही आपल्या घराची गुंडी." तेव्हापासून तेच चिकटलं.

गुंडीचे हातपाय तिचं ऐकत नसत. तिला बोलताही येत नसे, पण कळत सगळं होतं. हो म्हणायचं असलं की ती डोळे वर छताकडे नेई आणि नाही म्हणायचं असलं की डोळे घट्ट मिटून घेई. एवढ्या दोन शब्दांत ती घर चालवत असे. तोंडाने घास दिला तर तो तिच्या श्वासाच्या वाटेने जाई, म्हणून डॉक्टरांनी तिच्या पोटाला, बरगडीच्या खाली, काजाएवढं एक भोक पाडून त्यातून थेट जठरात नळी घातली होती. नळीच्या आतल्या टोकाला पाण्याने फुगवलेला छोटा फुगा होता, नळी बाहेर येऊ नये म्हणून. बाहेरच्या बाजूला, कातडीलगत, एक रबरी चकती होती, नळी आत जाऊ नये म्हणून. आजोबांना हे समजायला एक मिनिटही लागलं नव्हतं. "म्हणजे कफलिंक!" ते म्हणाले होते. "आतून एक टोपी, बाहेरून एक टोपी, मधे कापड." दवाखान्यातली सिस्टर हसली होती. तिने नळीवर चकतीच्या अगदी वर निळ्या पेनाची एक बारीक रेघ ओढली होती. काय सांगितलं होतं तिने तेव्हा? बरंच काही सांगितलं होतं. आजोबांना कफलिंक तेवढी लक्षात राहिली.

या सगळ्यात एक गोष्ट पणाला लागलेली होती, ती म्हणजे सूनबाईंची नोकरी. सूनबाई बस डेपोत गाड्यांच्या घोषणा करत असत. गुंडी झाल्यावर त्यांनी ते सोडलं. आता डेपोवाल्यांनी पुन्हा बोलावलं होतं. आधी थोडे दिवस फक्त दुपारी यायचं, जमलं तर पुढे पूर्ण वेळ, नाही जमलं तर दुसरी बाई बघणार. दुपारचं दूध आजोबांनी द्यायचं, असं ठरलं. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायला गावभर फिरे, त्याचा काही भरवसा नव्हता.

"जमेल ना बाबा तुम्हाला?" सूनबाईंनी विचारलं होतं.

"अगं, हातभर लांब कोटाला टीप मारताना माझा हात हलत नाही. दूध ओतायला हलेल?"

आणि खरंच जमलं. खुर्ची सरळ करायची, हात धुवायचे, मोठ्या सिरिंजचा आतला दांडा काढून ती नळीच्या तोंडाला लावायची, कोमट दूध त्यात ओतून सिरिंज खांद्याएवढी उंच धरायची. दूध आपल्या वजनानेच खाली उतरतं. ढकलायचं नाही, घाई करायची नाही. शेवटी थोडं पाणी सोडून नळी धुवायची. आजोबा एका हाताने सिरिंज धरत आणि दुसऱ्या हाताने गुंडीला रिळं दाखवून रंग शिकवत. वारा आपल्या बाजूचा असला, की दोन गल्ल्या पलीकडून डेपोच्या भोंग्यातून सूनबाईंचा आवाज येई, अमुक गाडी तमुक फलाटावर. मग गुंडीचे डोळे टुणकन छताला जात. "हो, हो, तुझीच आई आहे," आजोबा म्हणत, "सगळ्या गावाला दटावतेय बघ."

असं सगळं मजेत चाललं असताना एका दुपारी आजोबांना चकतीखाली लालसर वर्तुळ दिसलं. कातडीवर चकतीचा ठसा उमटला होता. आजोबांचा जीव कळवळला. घट्ट गळपट्टीचा शर्ट घातलेल्या माणसाच्या मानेवर असाच वळ उठतो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. गळपट्टीत दोन बोटं जायला हवीत, हा त्यांच्या धंद्याचा पहिला धडा. कपड्याने श्वास घेतला पाहिजे. त्यांनी चकती अलगद वर सरकवली आणि खाली दोन बोटं जातात का ते बघितलं. जात होती. मग त्यांना ती निळी रेघ दिसली. शिवून झालेल्या कपड्यावर खडूची रेघ ठेवून देणारा शिंपी म्हणजे आळशी शिंपी. आजोबांनी स्पिरिटमध्ये कापूस बुडवला आणि रेघ स्वच्छ पुसली.

"आता कसं?" त्यांनी विचारलं.

गुंडीने छताकडे पाहिलं. आजोबा खूश झाले आणि पोस्टमनच्या पँटकडे वळले. ही गोष्ट त्यांच्या डोक्यातून जी गेली ती गेलीच.

पुढे एक-दोन दिवस काही झालं नाही. मग एका दुपारी अर्धं दूध उतरलं आणि थांबलं. आजोबांनी सिरिंज जरा उंच केली. दूध खाली जायचं सोडून वर चढू लागलं. गुंडीने मान आखडली, कपाळावर घाम आला आणि भडाभडा उलटी झाली. आजोबांनी तिला कुशीवर वळवलं, तोंड पुसलं, पाठीवर हात फिरवत राहिले. त्यांना वाटलं, असेल काहीतरी, पोरांचं पोट ते.

दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. तिसऱ्या दुपारी नळीच्या कडेनेही दूध पाझरलं आणि गुंडीचा फ्रॉक भिजला.

आता घरात जितकी तोंडं तितकी कारणं निघाली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "दात येत असतील."

"काकू, ती पाच वर्षांची आहे. दात पडायला आले तिचे," आजोबा म्हणाले.

"मग पडत असतील, म्हणून!"

पोस्टमन पँट घालून बघायला आला होता, तो पडद्याआडून म्हणाला, "मास्तर, वायू आहे तो. माझंही असंच होतं."

"तुमचं खाऊन होतं. पँट तिसऱ्यांदा उसवतोय मी."

मुलाने रात्री जेवताना विचारलं, "दूध गार होतं का?"

"कोमट होतं. मनगटावर थेंब टाकून बघितला."

"मग जोरात गेलं असेल."

"अरे, गोगलगाय बरी, इतकं हळू सोडतो मी."

सूनबाई दुधाच्या पावडरीच्या डब्यावरची बारीक अक्षरं पुन्हा एकदा वाचत होत्या.

आजोबांनी सगळं करून पाहिलं. सिरिंज खाली धरली, वर धरली. दूध आणखी कोमट केलं. खुर्ची आणखी सरळ केली. रिळं दाखवणं बंद केलं, न जाणो हसण्याने पोट हलत असेल. रेडिओ बंद केला. शेवटी मशीन चालवणंही बंद केलं, कारण काकूंच्या मते त्या खडखडाटाने पोर दचकत होती. दुकानात अशी शांतता पसरली, की गिऱ्हाईक दारातूनच विचारू लागलं, "मास्तर, सगळं ठीक आहे ना?" आणि एवढं करून कधी उलटी व्हायची, कधी नाही. त्यात काही ताळमेळ असता तर आजोबांनी धरला असता. कापड आडवं आटतं की उभं, हे माहीत असलं की माणूस त्याप्रमाणे कापतो. इथे आज आडवं, उद्या उभं.

एक ताळमेळ मात्र सगळ्यांच्या लक्षात आला आणि तो आजोबांना काट्यासारखा टोचला. सकाळचं दूध सूनबाई देत, ते निमूट जाई. संध्याकाळचंही त्याच देत, तेही जाई. ओकत होती ती फक्त दुपारी. सुट्टीच्या दिवशी दुपारचं दूधही सूनबाईंनी दिलं. आजोबा पडद्याआड उभे राहून बघत होते. एक थेंब बाहेर आला नाही.

"तू काय वेगळं करतेस?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही, बाबा. तुम्ही करता तेच."

"मग माझ्याच हाताला काय झालंय?"

सूनबाई सिरिंज धुवायला आत गेल्या. आजोबांनी त्या संध्याकाळी आरशासमोर उभं राहून दोन्ही हात पुढे धरले आणि बराच वेळ बघत राहिले, थरथरतात का. थरथरत नव्हते. बघून बघून मात्र थरथरू लागले.

आजोबांना दिसायला हवं होतं ते एवढंच, की सूनबाई सकाळी आंघोळीनंतर नळी सरळ धरून भोवतालची कातडी पुसत आणि चकतीच्या खाली कोरड्या गॉजची जाड घडी ठेवत. ती घडी चकती आणि पोट यांच्या मधली जागा भरून काढी, आणि दूध देताना त्या ती तशीच राहू देत. दुपारपर्यंत घडी ओलसर होई. ओलं कापड अंगाला ठेवू नये, हा आजोबांच्या धंद्याचा दुसरा धडा, म्हणून दूध देण्याआधी ते ती घडी काढून टाकत. दूध झालं की नवी घडी ठेवत, तीही नळी सरळ करून, नीटनेटकी. पण डोळ्यांसमोर असून दिसत नाही, अशा गोष्टी दुनियेत पुष्कळ असतात. सुईचं भोक रोज ओवणाऱ्यालाही एखाद्या दिवशी सापडत नाही.

मुलाने एकदा आपल्या कामातला प्रश्न विचारला. "बाबा, लिफ्ट अडकली की आम्ही आधी विचारतो, शेवटचा हात कुणाचा लागला?"

"माझाच लागला," आजोबा म्हणाले. "पण मी केलं काय, ते तर सांग!"

सिस्टरलाही फोन झाला. तिने शांतपणे विचारलं, "बाबा, दूध बदललं? वेळ बदलली? नळीला काही केलंत?"

"नाही हो," आजोबा म्हणाले. "जसंच्या तसं आहे सगळं."

ते खोटं बोलत नव्हते. कपडा सैल करणं म्हणजे कपडा बदलणं, असं त्यांना उभ्या जन्मात कधी वाटलं नव्हतं.

"मग शनिवारी घेऊन या," सिस्टर म्हणाली. "वजनही बघू. असंच चालू राहिलं तर डॉक्टर कदाचित नळी आणखी पुढे, आतड्यात घालायचं म्हणतील. मग मशीनवर दिवसभर थोडं थोडं दूध द्यावं लागतं. घाबरू नका, आधी बघू."

घाबरू नका म्हटलं, की माणूस कुठे घाबरायचं ते बरोबर शोधतो. दिवसभर मशीनला बांधलेली गुंडी आजोबांच्या डोळ्यांपुढून हलेना. तिचे गालही उतरले होते. फ्रॉक कमरेत ढगळ झाला होता, आणि ते कळायला शिंप्याला पट्टी लागत नाही.

शुक्रवारी सकाळी सूनबाई डबा भरता भरता म्हणाल्या, "बाबा, मी आज डेपोत सांगून टाकते. नाही जमणार म्हणून."

आजोबांच्या हातातला खडू खाली पडला. "का गं? मी आणखी हळू देईन. काकूंना बसवू शेजारी. नाहीतर तू मला पुन्हा एकदा पहिल्यापासून शिकव."

"तुमचं काही नाही, बाबा."

"माझं नाही तर कुणाचं? दुपारी दूध कोण देतं? मीच ना?"

"म्हटलं ना, तुमचं नाही!" त्या जरा जोरात म्हणाल्या आणि मग डब्याचं झाकण लावत हळू आवाजात पुटपुटल्या, "तुम्हाला नाही कळायचं."

हे आजोबांना खरोखरच कळलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच की काय? पण यात चोर कोण आणि संन्यासी कोण? हात त्यांचे, उलटी त्यांच्यासमोर आणि शिक्षा सूनबाईंना. त्या गेल्यावर ते कितीतरी वेळ कापायच्या टेबलाशी उभे राहिले. समोर अंथरलेल्या कापडावर कुठून कात्री लावायची तेही सुचेना.

गुंडीने खुर्चीतून आवाज केला. तिला कंटाळा आला होता. कित्येक दिवसांत आजोबांनी तिला काही शिकवलं नव्हतं.

"बरोबर आहे तुझं," आजोबा म्हणाले. "तुझं पोट बिघडलंय, डोकं नाही. चल, आज नवा धडा."

त्यांनी सॅटिनची एक फीत घेतली आणि तिच्या मनगटाभोवती जरा आवळून धरली. "हे बघ, हे घट्ट. कळलं? घट्ट म्हणजे जागाच नाही." मग फीत सोडून मोठा वेढा केला. तो मनगटावरून घसरून कोपराकडे गेला. "आणि हे सैल. सैल म्हणजे इकडे तिकडे फिरतं. आता मी विचारतो. सैल असलं तर वर बघायचं, नसलं तर डोळे मिटायचे."

त्यांनी स्वतःची टोपी तिच्या डोक्यावर ठेवली. ती नाकापर्यंत आली. "सैल?" गुंडी टोपीखालून हसली आणि डोळे वर गेले असावेत, कारण टोपी हलली. मग तिचा मोजा दाखवला. "सैल?" डोळे मिटले. शाब्बास. मग फ्रॉकची कंबर, तिथे सैल. मग आजोबांनी स्वतःच्या पोटावरचा पट्टा दाखवला. गुंडीने डोळे इतके घट्ट मिटले की आजोबा रागावल्याचं सोंग करून म्हणाले, "पोस्टमनची संगत लागली तुला!"

एव्हाना दुधाची वेळ झाली होती. आजोबांनी हात धुतले, फ्रॉक वर केला, चकतीखालची ओलसर घडी काढली. धडा अजून त्यांच्या जिभेवरच होता. काही मनात नसताना, नुसतं गमतीने, त्यांनी चकतीवर बोट ठेवून विचारलं, "आणि हे गं? सैल?"

गुंडीने छताकडे पाहिलं.

"छे, चुकलीस," आजोबा म्हणाले. "नीट बघ. घडी काढली तर—"

आणि ते थांबले. घडी काढल्यावर चकती पोटापासून चांगली वर तरंगत होती. त्यांनी तिच्याखाली बोटं घातली. दोन गेली. हे तर त्यांनीच केलं होतं, ते आता आठवलं, त्यात नवल नव्हतं. पण ते बघत असतानाच गुंडी खोकली आणि नळी आपली आपण, गोगलगायीने शिंग आत घ्यावं तशी, थोडी आत गेली. चकती पोटाच्या जवळ आली. आजोबांनी डोळे चोळले. गुंडी पुन्हा खोकली. नळी आणखी आत. आता चकती पोटाला टेकली होती, अगदी जिथल्या तिथे, बघणाऱ्याला वाटावं किती छान बसली आहे.

आजोबा स्टुलावर बसले. बाहेरची टोपी दोन बोटं सैल केली, तर आतली टोपी तेवढीच खोल जाणार. कफलिंक आहे ना ती! हे त्यांनी स्वतःच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मग आतला फुगा कुठे जात होता? दूध जायच्या वाटेवर? गॉज असली की नाही जात, काढली की जातो? म्हणून सकाळी नाही आणि दुपारी होतं? की हे सगळं त्यांना आता सुचतंय तेवढंच, आणि खरं कारण भलतंच? नळी मुळात किती बाहेर होती? ते सांगणारी रेघ होती ना. निळी. ती कुठे गेली?

ती कुठे गेली, ते आठवल्यावर आजोबांच्या तोंडचं पाणी पळालं.

हात आपोआप नळीकडे गेला. ओढावी का? किती? आयुष्यभर लोकांची मापं घेतलेल्या माणसाकडे एवढं एक माप नव्हतं. जास्त ओढली आणि निघालीच तर? ते भोक उघडं राहिलं की भराभर मिटत जातं, एवढं सिस्टरचं बोलणं मात्र त्यांना पक्कं आठवत होतं. एकदा न विचारता हात लावला होता, त्याची फळं समोर होती. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. आजोबांनी हात मागे घेतला आणि फोन उचलला.

"सिस्टर, त्या दिवशी तुम्ही विचारलंत ना, काही बदललं का? मी नाही म्हटलं. ते चुकीचं होतं." आणि त्यांनी सगळं सांगितलं, गळपट्टीपासून स्पिरिटच्या कापसापर्यंत.

सिस्टर म्हणाली, "बाबा, रेघ त्यासाठीच होती. बरं, आता माझं ऐका. दूध देऊ नका. पोर कशी आहे? श्वास नीट? रडतेय?"

"नाही. माझ्याकडेच बघतेय."

"छान. तिच्या आईला मी शिकवलेली गोष्ट आहे ही, तुम्हालाही तेव्हा दाखवली होती. नळी दोन बोटांत धरा. सरळ वर, अगदी हळू. जोर लावायचा नाही. आतून फुगा टेकल्यासारखं जाणवलं की थांबा. दुखतंय असं वाटलं तरी थांबा."

आजोबांनी धरली. रेशमाचा धागा उसवताना धरतात, तशी. नळी वर आली, आली आणि मग आतून मऊ असं काहीतरी टेकलं. "टेकलं," ते कुजबुजले.

"आता चकती खाली आणा. दाबायची नाही. कातडी आणि चकती यांच्या मधे नाण्याच्या जाडीएवढी फट राहू द्या."

"एवढीशीच?"

"एवढीशीच. वरून चिकटपट्टी लावा आणि तिला घेऊन लगेच या. मी बघितल्याशिवाय दूध नाही. येताना तिच्या आईलाही घ्या."

गुंडीने तेवढ्यात एक दणदणीत ढेकर दिला. इतका मोठा, की पोस्टमनलाही हेवा वाटला असता.

डेपोच्या फाटकात आजोबा खुर्ची ढकलत पोहोचले, तेव्हा सूनबाई काचेच्या खोलीत माइकसमोर बसल्या होत्या. बाहेर आल्या त्या पांढऱ्याफटक चेहऱ्यानेच. "काय झालं? पुन्हा ओकली?"

"नाही. चल, वाटेत सांगतो. माझंच झालं सगळं."

वाटेत त्यांनी सांगितलं. एकदा सांगितलं, मग घडीचं सांगायचं राहिलं म्हणून पुन्हा सांगितलं. सूनबाई खुर्चीचा दांडा धरून चालत होत्या, पुढे बघत. आजोबांनी मनाशी बोलणी खायची तयारी केली होती, पण हे गप्प राहणं कुठे ठेवावं ते त्यांना समजेना.

दवाखान्यात सिस्टरने सगळं तपासलं. फुग्यातलं पाणी सिरिंजने काढून मोजलं, पुन्हा भरलं. नळीतून आतला रस ओढून बघितला. डॉक्टर आले, पोट चाचपलं. ते म्हणाले की असं होतं, सैल नळी आत सरकून फुगा जठराच्या तोंडाशी बसतो आणि दूध पुढे जात नाही. सध्या आतड्यातल्या नळीची गरज दिसत नाही, चार दिवस बघू. आणि लाल वळाबद्दल म्हणाले, "असा वळ दिसला की चकती परस्पर सैल करायची नसते. आम्हाला दाखवायचा." मग सिस्टरने पेन काढलं. ती रेघ ओढणार, तेवढ्यात सूनबाई पहिल्यांदा बोलल्या.

"थांबा. त्यांना ओढू द्या."

"मला?" आजोबा म्हणाले.

"तुम्हालाच. तुमच्या हातची रेघ तुम्ही पुसणार नाही."

आजोबांनी रेघ ओढली. कापडावर हजारो ओढल्या होत्या, पण ही ओढताना त्यांनी श्वास धरला. वर जराशी तिरपी झाली.

तिथेच सिस्टरने थोडं पाणी सोडून पाहिलं, मग थोडं दूध. सगळे त्या सिरिंजकडे आ वासून बघत होते. दूध उतरलं. गुंडीने जांभई दिली.

बाहेर आल्यावर सूनबाई फाटकाशी थांबल्या आणि त्यांचे खांदे हलू लागले. आजोबांना वाटलं, आता आली वेळ. पण बघतात तर त्या हसत होत्या, आणि रडतही होत्या, दोन्ही एकदम, एकाच कापडाची दोन तोंडं असावीत तसं.

"अगं, काय झालं? माझ्यामुळे पोरीचे एवढे हाल झाले, आणि तू हसतेस?"

"रागवायचंय मला तुमच्यावर," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "घरी गेल्यावर रागावणार आहे. चांगली रागावणार आहे. पुन्हा कशालाही हात लावायच्या आधी विचारायचं, बाबा. तुमचे शर्ट तुम्ही वाटेल तेवढे सैल करा."

"बरं."

"तुम्हाला माहितीये, मला काय वाटत होतं? रोज दुपारीच व्हायचं. मी नसतानाच. भोंग्यातून माझा आवाज आला, की तिला होतं. मी घरी असले की नाही. मला वाटलं, ती माझ्यावर रुसलीय. मी सोडून जाते म्हणून ओकतेय. हे कुणाला सांगू? तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही माझी समजूत घातली असती, ती मला नको होती."

म्हणजे आजोबा आरशासमोर आपले हात तपासत होते, तेव्हा ही बाई डब्यावरची अक्षरं वाचत स्वतःला तपासत होती. एकाच घरात, एकाच पंगतीला बसून. आणि मुलगा? तोही मनात काहीतरी धरून बसला असेल. काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण तिघांचे वळसे तीन गावांना.

"डेपोत सांगितलंस का, जमणार नाही म्हणून?" त्यांनी घाबरत विचारलं.

"सांगणार होते. साहेब जेवायला गेले होते." त्यांनी खुर्ची वळवली. "आता नाही सांगत."

चार दिवस धाकधुकीत गेले. दूध जात होतं. आजोबांचा मात्र त्यावर विश्वास बसत नव्हता. दूध गेलं नाही की का गेलं नाही म्हणून ते गोंधळत, आता गेलं की का गेलं म्हणून गोंधळत. सगळं त्या चकतीनेच होतं, हे डॉक्टरांनी सांगितलं, सिस्टरने सांगितलं, पण त्यांचं मन विचारी, आणि उद्या दुसरंच काही निघालं तर? गळपट्टीत दोन बोटं हवीत, हे खोटं थोडंच आहे? मग एका ठिकाणी माया असलेलं दुसऱ्या ठिकाणी दुखणं कसं होतं? याला उत्तर मिळालं नाही. मिळेल असंही त्यांना वाटत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात सूनबाई पहिल्यांदा पूर्ण दिवसासाठी बाहेर पडल्या. दारातून दोनदा परत आल्या, एकदा छत्रीसाठी आणि एकदा कशासाठीच नाही.

दुपारी आजोबांनी हात धुतले. गॉज काढली, नवी पातळ घडी हाताशी ठेवली. रेघ बघितली. तिरपी होती, पण चकतीच्या अगदी वर, जिथल्या तिथे. त्यांनी तरीही विचारलं, "गुंडीबाई, सैल?"

डोळे घट्ट मिटले.

"मग घट्ट?"

पुन्हा मिटले. आता आजोबा पेचात पडले. सैल नाही, घट्टही नाही, या तिसऱ्या गोष्टीचा धडा त्यांनी शिकवलाच नव्हता.

त्यांनी सिरिंज लावली, दूध ओतलं, खांद्याएवढी उंच धरली. क्षणभर ते तसंच थांबून राहिलं. तेवढ्यात वारा फिरला आणि दोन गल्ल्या ओलांडून भोंग्यातून आवाज आला, की प्रवाशांनी कृपया फलाटाच्या कडेपासून मागे उभं राहावं. गुंडीचे डोळे छताला गेले आणि सिरिंजमधली पांढरी पातळी हळूहळू, थेंबाथेंबाने, खाली उतरू लागली.